प्रौढ अध्येता आणि संमंत्रक : विद्यापीठाच्या अपेक्षांचा विचार

(मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवरील अंशकालीन संमंत्रकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुक्त विद्यापीठाचे वर्ग बहुधा दुसऱ्याच्या इमारतीत भरतात. सोमवार ते शनिवार जे महाविद्यालय अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी गजबजलेले असते, त्याच्याच दोन-तीन खोल्या रविवारी सकाळी उघडतात. फळा तोच, बाके तीच, पुष्कळदा शिक्षकही तोच. बदललेला असतो तो समोरचा विद्यार्थी. त्यात रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका असते, पदोन्नतीसाठी पदवी हवी असलेला पोलीस शिपाई असतो, मुले मोठी झाल्यावर वीस वर्षांपूर्वी सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेणारी गृहिणी असते, दोन बस बदलून आलेली अंगणवाडी सेविका असते. त्यांना शिकविणारा संमंत्रक विद्यापीठाचा पूर्णवेळ सेवक नाही. तो अन्यत्र नोकरी करतो, ठरावीक सत्रांचे मानधन घेतो आणि सत्र संपले की आपल्या कामाला जातो. परंतु त्या परिचारिकेच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे तोच. कुलगुरू, विद्याशाखा, परीक्षा विभाग यांपैकी कोणीही तिला भेटलेले नसते. तिच्याशी बोलणारा, तिचे लेखन वाचणारा आणि तिला नावाने ओळखणारा विद्यापीठाचा माणूस म्हणजे केवळ संमंत्रक. अंशकालीन शिक्षकाकडून विद्यापीठाच्या अपेक्षा एवढ्या मोठ्या का असतात, याचे उत्तर या परिस्थितीतच आहे.

व्यवस्थेची घडण

आपल्या देशात दूरशिक्षणाची सुरुवात पत्रद्वारा शिक्षणाने झाली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. पोस्टाने पाठ पाठवावेत, विद्यार्थ्याने ते वाचावेत आणि वर्षाअखेर परीक्षा द्यावी, अशी ती पद्धत होती. नोकरी करणाऱ्या असंख्य लोकांना तिने पदवी मिळवून दिली. तथापि पाठ आणि परीक्षा यांच्या मधल्या काळात विद्यार्थी एकटाच राहत असे. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले व १९७१ च्या जानेवारीत त्याचे अध्यापन सुरू झाले, तेव्हा या एकटेपणावर उपाय योजण्यात आला. अभ्यासक्रम तज्ज्ञांच्या गटाने केंद्रीय पातळीवर तयार करावयाचा आणि विद्यार्थ्याच्या गावाजवळ अंशकालीन शिक्षकाने त्याला साहाय्य करावयाचे, अशी ती विभागणी होती.

भारतात हीच कल्पना १९८२ साली हैदराबाद येथील आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठाने प्रथम प्रत्यक्षात आणली. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, पहिले कुलगुरू झाले. संसदेने १९८५ साली केलेल्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या इग्नूने १९८७ मध्ये व्यवस्थापन आणि दूरशिक्षण या विषयांतील दोन पदविका व ४,५२८ विद्यार्थी यांनिशी अध्यापनाला प्रारंभ केला. आज तेथील विद्यार्थ्यांची गणना लाखांत होते. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू होते आणि पुढे त्यांनी इग्नूचेही कुलगुरुपद भूषविले. राजस्थानात कोटा, बिहारमध्ये नालंदा, मध्य प्रदेशात भोज, कर्नाटकात म्हैसूर, पश्चिम बंगालमध्ये नेताजी सुभाष अशी राज्यांची मुक्त विद्यापीठेही उभी राहिली.

या सर्व संस्थांची घडण थोड्याफार फरकाने सारखी आहे. पुस्तक एक जण लिहितो, त्याचे संपादन दुसरा करतो, शिकवितो तिसरा, प्रश्नपत्रिका काढतो चौथा आणि निकाल लावतो पाचवा. पारंपरिक महाविद्यालयात ही कामे बव्हंशी एकाच प्राध्यापकाच्या हाती एकवटलेली असतात. मुक्त विद्यापीठात ती विखुरलेली आहेत. लाखो विद्यार्थ्यांपर्यंत कमी खर्चात पोहोचण्यासाठी ही विभागणी अपरिहार्य आहे. मात्र जेथे काम विभागले जाते तेथे सांधे निर्माण होतात, आणि विद्यार्थी गळतो तो बहुधा सांध्यातून. हा सांधा घट्ट धरून ठेवण्याचे काम संमंत्रकावर सोपविलेले आहे.

शिकणारा प्रौढ

दिवसा कष्ट करून उरलेल्या वेळात शिकू पाहणाऱ्यांचा विचार आपल्या समाजाला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा चालविली होती. पुढे मुंबईसारख्या औद्योगिक शहरांत रात्रशाळांनी कामगारांच्या अनेक पिढ्यांना शिकविले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे ब्रीद याच परंपरेशी नाते सांगणारे आहे.

प्रौढ मनुष्य मुलांपेक्षा वेगळ्या रीतीने शिकतो, या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास केली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : प्रौढाला आपले निर्णय आपण घेण्याची सवय झालेली असते, म्हणून शिकतानाही त्याला आज्ञाधारक बालकाची भूमिका रुचत नाही. त्याच्यापाशी अनुभवाचा साठा असतो आणि नवे ज्ञान तो त्या साठ्याशी ताडून पाहतो. जीवनातील एखाद्या गरजेमुळे तो शिकावयास आलेला असतो, म्हणून ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न त्याच्या मनात सदैव जागा असतो. वरिष्ठांची शाबासकी किंवा बढती त्याला हवी असतेच; परंतु आपल्यालाही हे जमते, हा विश्वास त्याला त्याहून अधिक हवा असतो.

आपल्या देशातील परिस्थितीत या यादीत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागते. ती म्हणजे भीती. मुक्त विद्यापीठात येणारे बरेच विद्यार्थी पूर्वी कधीतरी शिक्षणव्यवस्थेतून बाहेर फेकले गेलेले असतात. कोणी दहावीत गणितात नापास झालेला, कोणाचे शिक्षण लग्नामुळे थांबलेले, कोणाला वडिलांच्या मृत्यूनंतर दुकानात बसावे लागलेले. शालेय प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमांची वाट मुक्त विद्यापीठांनी खुली केली, त्यामुळे असे अनेक जण पदवीच्या उंबरठ्यापर्यंत आले. त्यांच्या मनात अपयशाची आठवण ताजी असते. पहिल्याच सत्रात संमंत्रकाने ‘एवढे साधे येत नाही?’ असे विचारले, तर तरुण विद्यार्थी ते हसण्यावारी नेईल. चाळीस वर्षांचा विद्यार्थी पुढच्या रविवारी येणार नाही, आणि का आला नाही हे कोणाला सांगणारही नाही.

व्याख्यान आणि संमंत्रण

विद्यापीठाची पहिली अपेक्षा ‘संमंत्रक’ या नावातच दडलेली आहे. संमंत्रण म्हणजे एकत्र बसून केलेला विचारविनिमय. महाविद्यालयात वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या प्राध्यापकाला हा बदल सर्वांत कठीण जातो. पुस्तकातील घटक पुन्हा एकदा वाचून दाखविणे किंवा फळ्यावर टिपणे उतरवून देणे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु मुक्त विद्यापीठाचे स्वयं-अध्ययन साहित्य मुळातच शिक्षकाची जागा घेण्याच्या हेतूने लिहिलेले असते. त्यात उद्दिष्टे दिलेली असतात, मध्ये मध्ये प्रश्न असतात, उत्तरे पडताळण्याची सोय असते. लेखकाने वाचकाशी संवाद साधत लिहावे, हे दूरशिक्षणाचे विचारवंत ब्योर्ये होल्मबर्ग यांचे प्रतिपादन या साहित्याच्या मुळाशी आहे. पुस्तकात जे आहे तेच सत्रात सांगितले, तर ज्याने पुस्तक वाचले त्याचा वेळ वाया जातो आणि ज्याने वाचले नाही त्याला न वाचण्याची सवय लागते.

वेळेचा हिशेबही हेच सांगतो. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याने १२० तास द्यावेत, अशी अपेक्षा असते. त्यांपैकी समोरासमोरच्या सत्रांच्या वाट्याला फारच थोडे तास येतात. सिद्धान्तविषयांच्या सत्रांना उपस्थिती बहुधा ऐच्छिक असते. प्रात्यक्षिकांना मात्र ती अनिवार्य असते. तेव्हा एवढ्या थोड्या तासांत संपूर्ण पुस्तक शिकवून होणे शक्य नाही. उरलेले शंभरहून अधिक तास विद्यार्थ्याने एकट्याने सत्कारणी लावावेत, एवढी तयारी या तासांत करून घेणे मात्र शक्य आहे.

यासाठी सत्राची आखणी वेगळी लागते. प्रारंभी विद्यार्थ्यांनी कोणता घटक कुठवर वाचला आणि कोठे अडले, हे विचारावे. अडलेल्या जागांपैकी दोन-तीन निवडून त्यांवर चर्चा करावी. चर्चेत विद्यार्थ्यांचे अनुभव बोलके करावेत. पंचायत राज शिकताना वर्गात बसलेल्या ग्रामपंचायत सदस्येला प्रथम बोलू द्यावे, पोषणाचा घटक शिकताना अंगणवाडी सेविकेला. अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे, आणि अनुभवातून काढलेला निष्कर्ष चुकीचाही असू शकतो. म्हणून त्या बोलण्यातील नेमका धागा पकडून पुस्तकातील संकल्पनेशी जोडण्याचे कौशल्य संमंत्रकापाशी असावे लागते. शेवटची दहा मिनिटे पुढील पंधरवड्यात काय वाचावयाचे, कोणत्या प्रश्नांची उत्तरे लिहावयाची आणि कोणता भाग कठीण जाईल, यासाठी राखून ठेवावीत.

अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील ‘दूर’ या शब्दाचा वेगळा अर्थ लावला आहे. त्यांच्या मते शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. एकमेकांचे म्हणणे किती कळते यावर ते अवलंबून असते. संवाद वाढला की हे अंतर कमी होते. त्या दृष्टीने पाहता एकाच खोलीत बसलेला विद्यार्थी फार दूर असू शकतो आणि चारशे किलोमीटरवरचा विद्यार्थी जवळ.

गृहपाठाचे मोल

हा संवाद कागदावर होतो तो गृहपाठातून. मानधनाच्या हिशेबात गृहपाठ तपासणे हे किरकोळ काम वाटते आणि म्हणून ते उरकून टाकण्याचा मोह होतो. विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र संमंत्रकाचे सर्वांत महत्त्वाचे अध्यापन येथेच घडते. इग्नूच्या अनेक शिक्षणक्रमांत गृहपाठांना अंतिम निकालात ३० टक्के भारांक आहे. तथापि गुणांसाठी गृहपाठ हा त्याचा दुय्यम उपयोग होय. सत्राला येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाचे म्हणणे ऐकण्याची हीच एक संधी असते.

एक उदाहरण घेता येईल. समजा, वाणिज्य शाखेच्या गृहपाठात स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील फरक विचारला आहे. विद्यार्थी स्वतः किराणा दुकान चालविणारा आहे. त्याने दुकानाचे भाडे बदलत्या खर्चात घातले. कारण मालक ते दरवर्षी वाढवितो. एक संमंत्रक तेथे लाल फुली मारतो आणि शेवटी ‘ठीक, १० पैकी ५’ असे लिहितो. दुसरा समासात लिहितो : ‘भाडे दरवर्षी वाढते हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु विक्री वाढली म्हणून ते वाढते का? दुकान महिनाभर बंद राहिले तर भाडे द्यावे लागेल की नाही? याउलट, माल बांधून देण्याच्या पिशव्यांचा खर्च पाहा. पृष्ठावरील व्याख्या या दोन उदाहरणांना लावून पुन्हा वाचा.’ गुण दोघांनीही पाचच दिले असतील. पहिल्या विद्यार्थ्याला आपले चुकले एवढेच कळले. दुसऱ्याला खर्चाचे वर्गीकरण उत्पादनाच्या किंवा विक्रीच्या प्रमाणाशी कसे निगडित असते, हे आपल्याच दुकानाच्या हिशेबातून उमगले. हे चार-पाच वाक्यांचे लेखन म्हणजेच दूरशिक्षणातील अध्यापन.

अशा अभिप्रायाची काही पथ्ये आहेत. उत्तरातील जे बरोबर आहे ते आधी आणि नेमकेपणाने सांगावे. चूक दाखविताना ती का झाली असावी याचा अंदाज घ्यावा. ‘अधिक अभ्यास करा’ यासारखे कोणालाही लागू पडणारे शेरे टाळावेत, कारण त्यांतून कोणालाच काही कळत नाही. शेवटी संपूर्ण उत्तराविषयी दोन-तीन वाक्यांत एकत्रित मत द्यावे आणि दिलेले गुण त्या मताशी सुसंगत असावेत. अनेक ठिकाणी तपासलेल्या गृहपाठांचे नमुने विद्यापीठ पुन्हा पाहते, ते याच सुसंगतीसाठी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तपासलेला गृहपाठ सत्रान्त परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या हाती पडावा. परीक्षेनंतर पोहोचलेला उत्तम अभिप्रायही विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही. गठ्ठा केंद्रावर पडून राहणे, संमंत्रकाकडे विलंब होणे, परत नेण्यास विद्यार्थी न येणे अशी याची कारणे असतात. त्यांतील आपल्या हातातील कारण दूर करणे, एवढे प्रत्येकाला करता येते.

प्रामाणिकपणाचा प्रश्न

गृहपाठाविषयी बोलताना एका अप्रिय वास्तवाकडे डोळेझाक करता येत नाही. तयार उत्तरांच्या पुस्तिका बाजारात विकल्या जातात, त्यांच्या प्रती हातोहात फिरतात आणि आता संगणकाच्या साहाय्याने क्षणात उत्तर लिहून मिळते. एकाच केंद्रावरील वीस गृहपाठांत एकच वाक्य, त्यातील चुकीसह, आढळते. अशा वेळी काही संमंत्रक सर्वांना सरसकट गुण देतात, काही सर्वांना नापास करतात. दोन्ही मार्गांनी शिकणे थांबते.

विद्यार्थी उतरवून का काढतो, याचा विचार केला तर आळस हे एकच कारण दिसत नाही. अनेकांना स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवयच राहिलेली नसते. शाळा सोडल्यापासून अर्जापलीकडे काही लिहिलेले नसते, आणि आपल्या वाक्यांची लाज वाटते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या सत्रातच अर्ध्या पानाचे उत्तर वर्गात लिहून घेणे आणि त्यावर तेथेच बोलणे उपयुक्त ठरते. मोडक्या वाक्यांतील स्वतःच्या उत्तराला बाजारातील गुळगुळीत उत्तरापेक्षा अधिक मोल आहे, हे संमंत्रकाच्या वागण्यातून एकदा दिसले की परिस्थिती बदलू लागते. उत्तर उसने आहे अशी शंका आल्यास विद्यार्थ्याला त्याविषयी दोन प्रश्न तोंडी विचारावेत. ठपका ठेवण्यापूर्वी त्याला बोलू द्यावे. नियमांनुसार कार्यवाही करावयाची असल्यास ती केंद्रसंयोजकामार्फत व्हावी.

भाषा, अंतर आणि अडचणी

आपला देश विशाल आहे आणि राष्ट्रीय विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र ईशान्येकडील डोंगराळ जिल्ह्यातही असते, अंदमानातही आणि तिहारसारख्या कारागृहातही. पाठ्यपुस्तक पुष्कळदा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. विद्यार्थी विचार करतो तो तमिळ, मिझो, ओडिया, मराठी किंवा संथाळी भाषेत. पुस्तकातील पारिभाषिक संज्ञा आणि विद्यार्थ्याची बोली यांच्यात पूल बांधणे हे संमंत्रकाचे काम ठरते. संज्ञा पुस्तकातीलच ठेवावी, कारण परीक्षेत ती लागणार आहे. तिचे स्पष्टीकरण मात्र विद्यार्थ्याच्या भाषेत द्यावे. सैन्यदलातील विद्यार्थ्याची बदली होते, शेतकरी विद्यार्थी पेरणीच्या दिवसांत येऊ शकत नाही, तान्हे मूल असलेली विद्यार्थिनी दुपारनंतर थांबू शकत नाही. सत्रांचे वेळापत्रक केंद्र ठरविते, पण कोणत्या वेळी कोण येऊ शकत नाही ही माहिती संमंत्रकानेच केंद्रापर्यंत पोहोचवावयाची असते.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने उच्च शिक्षण संस्थांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचणे, श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याकडे तोंड करून बोलणे, वर्ग तळमजल्यावर घेण्याचा आग्रह धरणे, यासाठी वेगळ्या निधीची गरज नसते.

तंत्रज्ञानाने काही अंतरे निश्चितच कमी केली. ज्ञानदर्शन ही शैक्षणिक दूरचित्रवाहिनी २००० साली सुरू झाली. ज्ञानवाणी नभोवाणीवरून श्रोत्यांच्या प्रश्नांना थेट उत्तरे दिली जाऊ लागली. २००४ साली शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. त्यानंतर २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठ आले. २०२० च्या महासाथीत अभ्यासकेंद्रे बंद पडली तेव्हा मोबाइलवरच सत्रे झाली. या अनुभवाने दोन गोष्टी दाखविल्या. दूरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या जोडून घेता येते, ही एक. घरात एकच मोबाइल असेल तर तो प्रथम मुलांच्या शाळेसाठी जातो आणि आईचे सत्र राहून जाते, ही दुसरी. म्हणून ऑनलाइन सत्र झाले तरी त्याचा सारांश लिखित स्वरूपात पोहोचविणे आणि दूरध्वनीवर थोडा वेळ उपलब्ध असणे आवश्यक ठरते.

वर्तनाची मर्यादा

प्रौढांना शिकविताना संबोधनापासून काळजी घ्यावी लागते. विद्यार्थी अनेकदा संमंत्रकापेक्षा वयाने मोठा असतो. त्याला ‘तुम्ही’ म्हणणे, त्याच्या नोकरीचा किंवा जातीधर्माचा उल्लेख विनोदासाठी न करणे, त्याचे गुण सर्वांसमोर न वाचणे ही साधी पथ्ये होत. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला कारण विचारावे. कारण बहुधा खरे असते.

दुसरी मर्यादा माहितीची. पुनर्नोंदणीची मुदत, परीक्षा शुल्क, शिक्षणक्रमाचा कमाल कालावधी, श्रेयांकांचे हस्तांतरण यांविषयी विद्यार्थी संमंत्रकालाच विचारतो. ठाऊक असेल ते सांगावे, नसेल तर विचारून सांगावे. अंदाजाने दिलेल्या उत्तरामुळे एखाद्याचे वर्ष वाया जाऊ शकते. पदवीमुळे नोकरी निश्चित मिळेल, असेही कोणी सांगू नये. आपल्याच विद्यार्थ्यांची वेगळी शिकवणी घेणे हा तर सरळ हितसंबंधांचा संघर्ष आहे. तो टाळलाच पाहिजे.

आणि एक लहानसे काम, जे कोणत्याही नियमपुस्तिकेत ठळकपणे लिहिलेले नसते. सलग दोन सत्रे न आलेल्या किंवा गृहपाठ न दिलेल्या विद्यार्थ्याची चौकशी करणे. मुक्त शिक्षणातून होणारी गळती ही जगभरची समस्या आहे. विद्यार्थी एका दिवसात शिक्षण सोडत नाही. आधी एक गृहपाठ राहतो, मग परीक्षेचा अर्ज राहतो, आणि शेवटी आपण विद्यार्थी आहोत हेच तो विसरतो. पहिल्या टप्प्यावर आलेला एक दूरध्वनी हा क्रम थांबवू शकतो.

विद्यापीठाचे देणे

अपेक्षांची यादी एकतर्फी राहिली तर ती टिकणार नाही. संमंत्रकाकडून एवढे मागणाऱ्या विद्यापीठाने स्वतःचेही काही बंधन मानले पाहिजे. नेमणुकीपूर्वी उद्बोधन वर्ग व्हावा, आणि तो व्यवस्थेची माहिती देऊन न थांबता गृहपाठावर अभिप्राय कसा लिहावा याचा प्रत्यक्ष सराव देणारा असावा. स्वयं-अध्ययन साहित्य विद्यार्थ्याप्रमाणेच संमंत्रकालाही सत्र सुरू होण्यापूर्वी मिळावे. पुस्तक हाती नसलेल्या शिक्षकाकडून व्याख्यानाखेरीज दुसरी अपेक्षा धरता येणार नाही. मानधन वेळेवर मिळावे. रक्कम लहान असली तरी तिला होणारा विलंब हा आपल्या कामाची किंमत किती धरली जाते याचा संकेत असतो. एका संमंत्रकाकडे किती गृहपाठ द्यावेत याला मर्यादा असावी, कारण शेकडो उत्तरपत्रिका चार दिवसांत तपासावयाच्या झाल्या तर ‘ठीक, १० पैकी ५’ हाच शेरा पडणार.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संमंत्रकाचे म्हणणे वरपर्यंत पोहोचण्याची सोय. पुस्तकातील कोणता घटक विद्यार्थ्यांना कळत नाही, कोणते उदाहरण कालबाह्य झाले, कोणत्या प्रश्नाचे भाषांतर चुकले, हे सर्वांत आधी संमंत्रकाला कळते. अभ्यासक्रमाचा लेखक विद्यार्थ्याला कधी पाहत नाही. संमंत्रक त्याला दर पंधरवड्याला पाहतो. वर्षातून एकदा तरी त्याच्याकडून अभ्यासक्रमाविषयी लेखी अभिप्राय मागवावा आणि त्याचे पुढे काय झाले हे त्याला कळवावे. अंशकालीन शिक्षकाला विद्यापीठाचा घटक मानणे याचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये उच्च शिक्षणातील एकूण नोंदणी गुणोत्तर २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. नव्या इमारती आणि पूर्णवेळ प्राध्यापक यांच्याच बळावर ते गाठता येणे कठीण आहे; त्यात मुक्त व दूरशिक्षणाचा वाटा मोठा राहील, असे या धोरणातही गृहीत धरलेले आहे. नोंदणीचे आकडे जाहिरातीने वाढविता येतात. नोंदणी केलेल्यांपैकी किती जण शिकून बाहेर पडले, ही संख्या मात्र अभ्यासकेंद्रावरील रविवारच्या कामावर अवलंबून राहील.

येत्या सत्रापासून प्रत्येक संमंत्रकाने तीन गोष्टी ठरवून कराव्यात, एवढीच या निमित्ताने विनंती. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला तो काय काम करतो आणि शिक्षणाकडे पुन्हा का वळला, हे विचारावे. प्रत्येक गृहपाठावर त्या विद्यार्थ्यालाच लागू पडेल असे निदान एक वाक्य लिहावे आणि तो परीक्षेपूर्वी परत करावा. हजेरीपटावर जे नाव दोनदा कोरे राहील, त्या नावाला दूरध्वनी करावा. या कामांना फार वेळ लागत नाही, आणि ज्याच्यासाठी ती करावयाची तो माणूस आठवड्यातील आपली एकमेव सुट्टी खर्चून आलेला असतो.